डाव्या हाताची खुर्ची

हिसिंगेन, १२ नोव्हेंबर

प्रिय गुनवोरताई,

तुझं आमंत्रण मिळालं. कार्ड एवढं जाडजूड की आमच्या स्वयंपाकघरातल्या डगमगत्या टेबलाच्या पायाखाली बरोब्बर बसलं. रागावू नकोस, तारीख आधी लिहून घेतली आहे. तुझा गुडघा कसा आहे? इकडे आठवडाभर सूर्य दिसलेला नाही, त्यामुळे सगळ्यांची तोंडं सुतकी झाली आहेत, आणि बॉयलर पुन्हा रुसलाय. बाकी ठीक.

नाताळाखेरीज तुला माझी आठवण झाली, म्हणजे फोल्के गेल्यावर तू नवऱ्याच्या नावानं काढलेल्या निधीत या वर्षी पैसे उरलेले दिसतात. चांगलंच आहे. आम्हाला हवेच आहेत. नगरपालिकेनं नव्या वर्षापासून आमच्या निवाराघराचं भाडं भरायला नकार दिलाय. त्यांच्या मते माणसांची खरेदी-विक्री हा पोलिसांचा विषय, पोलिसांच्या मते तो नगरपालिकेचा, आणि या दोघांची कॉफी पिऊन होईपर्यंत इथल्या पाच बायका आणि एक तान्हं मूल यांनी झोपायचं कुठं, हा कुणाचाच विषय नाही. घरमालकाला एकतीस डिसेंबरच्या आत उत्तर हवं आहे. नाहीतर तो तिथं योगाचे वर्ग काढणार आहे म्हणे.

दात्यांचे दरवाजे ठोठावण्यात माझी एकोणीस वर्षं गेली, त्यामुळे मला आता कशाचंच नवल वाटत नाही. एका बँकेनं आम्हाला दोनशे छत्र्या दिल्या, बँकेचं नाव छापलेल्या. ज्या बायकांना अजून फाटकाबाहेर पडायचा धीर होत नाही, त्यांना छत्र्या! एका क्रीमवाल्या कंपनीनं सुरकुत्या घालवायच्या डब्या पाठवल्या आणि वर फोटो मागितले, 'आधीचा आणि नंतरचा'. एक गुळगुळीत दाढीचा सल्लागार येऊन भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवून गेला. त्याचं बिल मात्र बिनरंगी होतं. आणि तुमच्या निधीचा पहिला प्रश्न हा: वर्षाअखेरीस रहिवाशांचा आत्मविश्वास किती टक्क्यांनी वाढलेला असेल? ताई, तुमच्या मंडळातल्या कुणाचा आत्मविश्वास चार टक्क्यांनी कमी करायची काही सोय असेल तर कळव, आम्ही ते काम फुकट करू.

आता तुझ्या कार्डातल्या खालच्या ओळीबद्दल. 'तुमच्या बायकांपैकी एखादीला सोबत आणलंस तर बरं. मंडळाला चेहरा दिसला की हात सैल होतो.' हे वाचून मी कार्ड टेबलाखाली सारलं. माझ्याकडे चेहरे भाड्यानं मिळत नाहीत, असं तुला लिहायलाही बसले होते.

पण डोइना शेजारी बटाटे सोलत होती. डोइना मोल्दोव्हाची, वसंतात आमच्याकडे आली. सफाई कामगार पुरवणाऱ्या एका कंपनीनं तिचा पासपोर्ट काढून घेऊन तिला तीन वर्षं राबवलं होतं. मी काय बडबडतेय म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. जेवण कुठं आहे, म्हणाली. मी तुझा पत्ता वाचून दाखवला. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "मी येते."

"काही गरज नाही गं," मी म्हटलं. "तिथं बसून हरणाचं मटण चावायचं आणि मान डोलवायची, एवढंच काम असतं."

"घर टिकायला हवं ना? मग येते."

तेव्हा आम्ही दोघी येतो. पण अटी लिहून ठेव. तिच्यावर काय गुदरलं हे तिला कुणी विचारायचं नाही. फोटो नाही. भाषण नाही. ती जेवेल आणि घरी येईल.

तुझी,
बोदिल

&nbsp;

हिसिंगेन, १ डिसेंबर

प्रिय ताई,

जेवणानंतर आठवड्याच्या आत आभाराचं पत्र गेलंच पाहिजे, ही आईची शिस्त. न्यूमोनियानं फणफणलेली असतानाही तिनं शेजारच्या बाईंना माशाच्या कालवणाबद्दल पत्र लिहिलं होतं, आठवतं? म्हणून मीही लिहिते.

पावावरची कोळंबी उत्तम होती. हरणाचं मटण तोंडात विरघळलं. क्लाउडबेरीच्या फळांसोबत तू घरचं आइस्क्रीम केलं होतंस, ते मी दोनदा घेतलं. काटे-चमचे आईचे होते. त्यातले निम्मे माझ्या वाटणीचे, ते तुझ्या खणात कसे राहिले हा विषय आपण पुन्हा एकदा नाताळावर ढकलू या. खिडकीतले कागदी तारे सुरेख. मंडळी सुद्धा छान. बिर्गरसाहेब एवढी वर्षं बँकेत होते तरी किती साधे आहेत! गरिबांविषयी बोलताना त्यांचा आवाज कसा हळवा होतो, आणि दुसऱ्या कुणी बोलायला लागलं की त्यांचा कान कसा लगेच बहिरा होतो. मला त्यांनी विचारलं, या बायका मुळात अशा नोकऱ्या पत्करतातच का? मी म्हटलं, निवृत्तिवेतन चांगलं असतं म्हणून. त्यांनी मान डोलावली.

इथपर्यंत पत्र आईला आवडलं असतं. खरं तर इथंच थांबणार होते.

पण काल बिर्गरसाहेबांचा फोन आला. तू मंडळाला असं सांगितलंस म्हणे, की पाहुणीची भाषा कच्ची आहे, त्यामुळे शेवटी थोडा घोटाळा झाला, कुणी मनावर घेऊ नये. तेव्हा मी जे पाहिलं ते मी लिहून ठेवते. तू तिथं होतीस, तुला सांगायची गरज नाही. पण आपल्या दोघींत एकीनं तरी ते लिहिलेलं असावं.

फाटकातून आत आल्यावर डोइना सरळ तुझ्या घराच्या कडेनं, मागच्या वाटेला लागली. मी तिचा हात धरून ओढलं. "अगं, आज पुढून जायचंय!" ती हसली. मला वाटलं अंधारात चुकली. दारात आम्ही बूट काढले, पिशवीतून घरातले जोडे काढून घातले. तू आलीस, हात पुढे केलास, आणि डोइना तुझा हात धरून म्हणाली, "गेल्या वेळेबद्दल आभार."

तू किती गोड हसलीस! "ऐकलंत का बिर्गर? कसं शिकवतात बघा या भाषेच्या वर्गात. शब्द अगदी चोख येतात, कुणाला म्हणायचे तेवढं यायचंय अजून." आपण लोक एकमेकांकडे आधी जेवून गेलेलो असलो, तर दुसऱ्या भेटीत पहिल्यांदा हेच म्हणतो, मग ती भेट किराणा दुकानात का होईना. ही तर पहिल्यांदाच आलेली. सगळे हसले. मीही हसले, दात काढून. तिच्या वतीनं मलाच ओशाळं झालं.

मग तू तिला टेबलाशी नेऊन आपल्या डाव्या हाताला बसवलंस.

का गं? मानाची जागा म्हणून, असं तू म्हणशील. सगळ्यांना ती नीट दिसावी म्हणून, असं मी म्हणते. पण यजमानिणीच्या डाव्या हाताला बसेल त्यानं जेवण संपताना उठून आभार मानायचे असतात, हे तू विसरलीस. तिथं इतकी वर्षं फोल्केचे दोस्त बसून काही ना काही बरळत आले आणि तू ते कधी ऐकलंच नाहीस, त्यामुळे विसरलीस. मीही विसरले. 'भाषण नाही' असं मी तुला कळवलं आणि तू तिला नेमकं भाषणाच्याच खुर्चीत बसवलंस. दोघी बहिणी एका आईच्या हाताखाली वाढलो, आणि रीत माहीत होती कुणाला, तर डोइनाला. वर्गात शिकवलं होतं तिला: आधी जेवणाचं कौतुक करायचं, मग यजमानिणीची किंवा त्या घराची एखादी छोटी आठवण सांगायची, मग ग्लास उचलायचा.

क्लाउडबेरी संपल्या. तिनं चमच्यानं ग्लास वाजवला आणि उठून उभी राहिली. मी टेबलाखालून तिचा स्कर्ट ओढायला हात लांबवला, पण मध्ये तू होतीस.

"जेवण फार चांगलं होतं," ती म्हणाली. "कोळंबी ताजी होती. मटण मऊ होतं. आता मी या घरातली एक आठवण सांगते, कारण तशी रीत आहे.

"मी इथं दर बुधवारी यायची. मागच्या दारानं. या खोलीतलं झुंबर मी शिडीवर चढून पुसलंय, त्याचा एक लोलक सैल आहे. एका बुधवारी बाईंनी मला कॉफी दिली आणि दालचिनीचा बन दिला. कुणी मला बसायला सांगितलं असं पहिल्यांदाच झालं. मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ते मी म्हटलं. मला घरी जाऊ देत नाहीत, माझा पासपोर्ट त्यांच्याकडे आहे, मला मदत करा.

"बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, बस, मी फोन करते. शेजारच्या खोलीत गेल्या. मला वाटलं पोलिसांना. मी बन खाल्ला. अर्धा टाकला तर बरं दिसणार नाही, म्हणून सगळा खाल्ला.

"मग कंपनीची गाडी आली."

तिनं ग्लास हातात घेतला. पुढचं वाक्य आठवत होती, असं मला वाटलं. वर्गात शेवट हसऱ्या चेहऱ्यानं करायला शिकवतात, तर ती हसलीसुद्धा.

"त्यानंतर मला दूर मालमो शहरात पाठवलं, म्हणून मी येऊ शकले नाही. आजच्या जेवणाबद्दल आभार. गेल्या वेळेबद्दलही आभार. स्कोल!"

आणि ताई, सगळ्यांनी ग्लास उचलले. ते मला अजून डोळ्यांसमोरून जात नाही. 'स्कोल' ऐकलं की आपला हात आपोआप वर जातो. पाद्रीणबाईंचा गेला, वकीलसाहेबांचा गेला. माझाही. बिर्गरसाहेब मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास! किती स्वच्छ बोलते ही!" आणि तू उठून म्हणालीस, "चला, कॉफी पलीकडच्या खोलीत घेऊ या."

घोटाळा झालाय खरा. पण तो भाषेचा नाही.

मला तुला एकच गोष्ट विचारायची होती. पण आज नको. आज आभाराचं पत्र आहे. आइस्क्रीम खरंच छान होतं.

बोदिल

&nbsp;

हिसिंगेन, १५ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आणि वकिलाचं पाकीट एकाच टपालानं आलं. पाकीट जास्त जड होतं, म्हणून ते आधी उघडलं.

तीन वर्षांचं भाडं! बॉयलरसकट! अर्ज नको, मुलाखत नको, टक्के नकोत. आमच्या बायकांचा आत्मविश्वास एका रात्रीत इतका वाढला का, की मोजायचीही गरज उरली नाही? फक्त शेवटच्या पानावर एक साळसूद वाक्य आहे: 'दिनांक अमुक रोजी झालेल्या खासगी भोजनप्रसंगीच्या संभाषणाचा उल्लेख संस्था किंवा तिचे रहिवासी कुठेही, कुणापुढेही करणार नाहीत.' आयुष्यभर मी फुकट्या छत्र्या आणि सुरकुत्यांची क्रीमं पाहिली, आणि त्यांना हसले. त्या बँकेची आता मला माफी मागावीशी वाटते. तिनं निदान छत्री दिली आणि वर तोंड मिटायला सांगितलं नाही.

'कुणापुढेही' म्हणजे कोर्टापुढेही, हे तुझ्या वकिलाला कळतं. तुलाही कळतं. सरकारी वकील त्या कंपनीच्या मालकावर खटला उभा करताहेत, आणि तो गृहस्थ म्हणतोय, ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. बिनपगारी, बिननोंदीची बाई. तिनं ज्यांची घरं पुसली त्यांतल्या कुणालाच ती आठवत नाही, सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम गेली आहे. ती होती, असं सांगू शकेल असं बाहेरचं एकच माणूस आहे.

मी कागद बायकांपुढे ठेवले. घर त्यांचं आहे, मी फक्त किल्ल्या सांभाळते. स्वयंपाकघरात बसलो, तुझ्या कार्डावर तोललेल्या टेबलाभोवती. सगळ्यांत आधी फातू बोलली. गाम्बियाची आहे, तान्हं मूल तिचंच. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"सही करा," म्हणाली. "थंडीत मी याला घेऊन कुठं जाऊ? तुमचा स्वाभिमान मला पुरत नाही, बाई. तो अंगावर पांघरता येत नाही."

ती खरं बोलत होती. मी पेनसुद्धा हातात घेतलं होतं, हे तुला कळलेलं बरं.

मग डोइना म्हणाली, "मला एक कळत नाही. तीन वर्षं मी गप्प होते, तेव्हा मला कुणी काही दिलं नाही. आता त्या पैसे देतात. म्हणजे माझ्या गप्प बसण्याची किंमत होती. मग तेव्हा ती कुणी घेतली?"

मूल रडायला लागलं, फातूनं त्याला खांद्यावर घेतलं, दोन फेऱ्या मारल्या आणि खिडकीपाशी थांबून वैतागून म्हणाली, "मग ते एक वाक्य खोडा आणि पैसे मागा. नाहीतरी ती तुमची बहीण आहे ना?"

तर ताई, वाक्य मी खोडलं आहे. रेघ ठळक आहे, पट्टी धरून मारली आहे. पाकीट सोबत परत पाठवत आहे. उरलेल्या कागदावर तू सही केलीस, तर पैसे आम्ही घेऊ, आणि मला ते घ्यायला जराही लाज वाटणार नाही. एकोणीस वर्षांत ती शिल्लकच राहिलेली नाही. नाही केलीस, तर एकतीस तारखेला आम्ही घर रिकामं करू आणि तिथं लोक पद्मासन घालतील. फातूच्या मुलाला घेऊन कुठं जायचं ते मला आज माहीत नाही. माहीत आहे असा आव आणत नाही.

आता तुझं पत्र. दोनदा वाचलं. तू लिहितेस, 'मला वाटलं कंपनी तिची काळजी घेईल. जबाबदारी त्यांची होती. मी आणखी काय करायला हवं होतं?'

त्या दिवशी जे विचारायचं राहिलं होतं ते हेच आहे, त्यामुळे आता विचारते.

त्या बुधवारी तुला माझा नंबर माहीत नव्हता का?

तुला तो पाठ आहे. आईच्या आजारपणात तू तो झोपेतसुद्धा फिरवायचीस. तुझी सख्खी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि एकोणीस वर्षं फक्त हेच काम करते, दुसरं काहीही करत नाही, हे तुझ्या सगळ्या मैत्रिणींना माहीत आहे. तूच तर कौतुकानं सांगतेस, 'आमची बोदिल, बिचाऱ्यांसाठी कशी झटते!' तुझ्या स्वयंपाकघरात एक बाई बसून सांगते, मला मदत करा. तू टेलिफोनपाशी जातेस. आणि तू तिच्या मालकाला फोन करतेस!

मी तुझ्या बाजूनं खूप विचार केला. घाबरली असेल म्हटलं. कळलं नसेल म्हटलं. मग मला खरं कारण सुचलं आणि ते भीतीपेक्षा किरकोळ निघालं. इतकी स्वस्त सफाईवाली बाई कुठून मिळते, असं मी तुला पूर्वी एकदा विचारलं होतं आणि तू नाक मुरडलं होतंस. मला फोन केला असतास तर मी म्हटलं असतं, 'बघ, सांगितलं होतं ना?' तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून ऐकावं लागू नये, म्हणून तू कंपनीचा नंबर फिरवलास. हो ना? मी ते वाक्य म्हटलं असतं, ताई. तुला ओळखते तशी मी स्वतःलाही ओळखते. अगदी चवीनं म्हटलं असतं. आणि मग गाडी काढून वीस मिनिटांत तुझ्या मागच्या दाराशी आले असते. बन संपायच्या आत.

एवढी वर्षं मला तुझी चीड आली, तुझ्या कार्डांची, तुझ्या मंडळाची, त्या हळव्या आवाजांची. त्या चिडीवर मी छान जगले. आज चीड शोधतेय आणि ती पुरेशी सापडत नाही. रडू येतंय नुसतं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतोय.

सरकारी वकिलांच्या कचेरीत गुरुवारी डोइनाचा जबाब आहे. तू आलीस, तर तुला एवढंच सांगायचं आहे, की ती दर बुधवारी येत होती आणि तू कुणाला फोन केलास. त्यानंतर मंडळ तुला अध्यक्षपदी ठेवणार नाही. पाद्रीणबाई रस्ता ओलांडून पलीकडून जातील. बिर्गरसाहेबांना ऐकूच येणार नाही. हे सगळं होईल, मी त्याला साखर लावत नाही.

डोइना तिथं असेल. तुला पाहिल्यावर ती उठून हात पुढे करेल आणि 'गेल्या वेळेबद्दल आभार' असंच म्हणेल, कारण आपली रीत तीच आहे. ते ऐकून घे. हसू नकोस.

आणि घरातून निघताना पाय मागे वळायला लागले, तर या वेळी तरी मला फोन कर. मी काही म्हणणार नाही. येऊन घेऊन जाईन.

नंबर तोच आहे.

तुझी धाकटी बहीण,
बोदिल